तिन्हीसांजेचं दार

या बाळांनो, बसा. जो शेवटी आला त्याने दार लावून घ्यावं. नाही लावलं? असू दे, मला सवय आहे. गोष्ट त्याचीच आहे.

तर एका जंगलात थंडी फार होती. तुम्ही म्हणाल, आजोबा, थंडी सगळ्याच जंगलांत असते. असते ना. पण हे जंगल घाटमाथ्यावर होतं, आणि तिथली थंडी पाहुण्यासारखी यायची नाही, जावयासारखी यायची. आली की ठाण मांडून बसायची आणि तिचं सगळं बघावं लागायचं.

पूर्वी जनावरं थंडीत काय करायची? अंगावर केस वाढवायची. बिळात सुकं गवत भरायची. एकमेकांना चिकटून, शेपटी नाकावर घेऊन झोपायची. याला खर्च काही नव्हता, म्हणून याला प्रतिष्ठाही नव्हती.

त्या डोंगराच्या माथ्यावर एक उन्हाळं होतं. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. जमिनीतून पाणी आपोआप वर यायचं, तेही चांगलं कढत, आणि कुणाचीही परवानगी न घेता. हे सिंहमहाराजांना खटकलं. त्यांनी दरबार भरवला आणि जाहीर केलं, "आजपासून घरोघर उन्हाळा!" टाळ्या झाल्या. त्यात ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांच्या टाळ्या जास्त होत्या.

मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांबूची पन्हळ घातली. प्रत्येक घरात एक दगडी डोण बसवली, डोणीत नदीतले गोटे भरले आणि डोणीवर चावी लावली. चावी उघडली की गरम पाणी डोणीत यायचं. गोटे तापायचे, गोट्यांनी घर ऊबदार व्हायचं, आणि पाणी पुढच्या घराकडे जायचं. पहिला राजवाडा, मग नाना अस्वलाची गुहा, मग अंबूमावशी कोल्हिणीचं घर, असं करत करत अगदी खाली, ओढ्याच्या काठाला, सगुणाबाई मुंगशिणीचं बीळ.

पाणी वाटेत जितकी ऊब टाकत जाई तितकी ती पुढच्याला कमी मिळे. हे समजायला फार अक्कल लागत नाही. बहुधा म्हणूनच ते पाण्याची वाटणी बघणाऱ्या ऊब समितीला समजलं नव्हतं.

ऊब समितीचे अध्यक्ष नाना अस्वल. अस्वल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काळ्या केसांचा ढीग येतो ना? तो पुसून टाका. घरात डोण आल्यावर नानांनी सगळ्या अंगाची हजामत करून घेतली होती. "घरात उन्हाळा असताना अंगावर केस बाळगायचे म्हणजे दरिद्रीपणा," असं ते म्हणत. त्यांचं बघून इतरांनीही केस उतरवले. त्या वर्षी जंगलात नुसती सोललेली जनावरं हिंडत होती. ओळख पटायला आवाज द्यावा लागायचा.

केस नाहीत म्हणून नानांना थंडी वाजायची. थंडी वाजायची म्हणून ते चावी पूर्ण उघडायचे. मग घाम सुटायचा. घाम सुटला की खिडकी उघडायचे.

"अहो, चावी थोडी बंद करा ना," अस्वलीण म्हणायची.

"चावीपर्यंत उठून जावं लागतं. खिडकी हाताशी आहे."

नानांच्या गुहेला आणखी दोन दालनं होती. पाहुण्यांसाठी. पाहुणे कधी आले नव्हते, कारण नाना समितीच्या गोष्टी सांगत आणि उठू देत नसत. पण डोणी दोन्ही दालनांत होत्या आणि त्या अखंड सुरू होत्या. आयत्या वेळी पाहुणा आला आणि गारठला तर समितीची लाज जाईल, असा नानांचा मुद्दा होता.

अंबूमावशींचं वेगळं होतं. त्यांना तो उघडा दगड बैठकीत शोभेना. म्हणून त्यांनी डोणीवर जाड, कापूस भरलेलं, मोरांच्या भरतकामाचं पांघरूण घातलं. त्यावर ओले कपडे वाळत घातले. कपड्यांपुढे ट्रंक ठेवली. मग "यंदा डोण काही तापत नाही बाई," असं म्हणून चावी आणखी दोन आटे उघडली. त्या जंगलात सगळ्यात उबेत कुणी असेल तर मावशींची डोण होती.

आणि राजवाड्यात तर दरबाराचं मोठं दालन दिवसरात्र तापवून ठेवत. महाराज स्वतः शेजारच्या छोट्या खोलीत घोंगडी घेऊन बसत. दरबार त्यांना फार मोठा वाटायचा.

हे सगळं एक वेळ परवडलं असतं. पण त्या जंगलात एक रीत होती.

तिन्हीसांजेला दार उघडं ठेवायचं. दिवा लावायचा, दार सताड उघडायचं आणि वाट बघत बसायचं. लक्ष्मी येते ती याच वेळेला. दार बंद दिसलं तर ती पुढे जाते, म्हणून पुष्कळांनी दार लावणंच सोडून दिलं होतं. ही रीत तुमच्याही घरी असेल, तेव्हा हसू नका. फरक इतकाच की तुमच्याकडे घुबडं नाहीत. घुबड हे लक्ष्मीचं वाहन. त्या जंगलात घुबडं भरपूर होती, आणि ती बाहेर पडतात तीही सांजेलाच. त्यामुळे तिथल्या प्रत्येकाला वाटायचं, गाडी दिसतेय म्हणजे मालकीण जवळपासच असणार.

जुन्या काळी ही रीत काही खात नव्हती. बीळ आतूनही गार आणि बाहेरूनही गार. पण आता आत गरम गोटे होते. डोंगरावरचा वारा नेमका तिन्हीसांजेला खाली उतरायचा आणि उघड्या दारातून आत शिरून उबेला हाताला धरून बाहेर न्यायचा. दार उघडं म्हणून घर गार, घर गार म्हणून चावी उघडी. रोज संध्याकाळी सगळं जंगल एकजुटीने डोंगर तापवायच्या कामाला लागायचं. डोंगर काही तापला नाही.

आता शेवटच्या घराकडे चला. इथे मी जरा हळू बोलतो.

सगुणाबाईचा नवरा घाटाखाली साप मारायच्या नोकरीला होता. दिवाळीला येऊन गेला, तो आता गुढीपाडव्याला येणार. तो गेल्यावर तिला दोन पिल्लं झाली. मुंगसांत पिल्लाचे डोळे उघडेपर्यंत नाव ठेवत नाहीत, म्हणून एकाला ती थोरला म्हणायची आणि दुसरीला धाकटी. थोरला गोटीबंद होता. धाकटी मुठीएवढी, आणि तीही बंद मुठीएवढी.

दिवसा कसंबसं निभायचं. तिन्हीसांज झाली की वरच्या घरांच्या उघड्या दारांत वारा शिरायचा, चाव्या फिरायच्या, आणि सगुणाबाईच्या डोणीत यायचं ते पाणी हात धुवायच्या लायकीचं. गोटे गार पडायचे. धाकटीचे पाय आधी गार व्हायचे, मग कान. मग ती दूध ओढायची बंद व्हायची. सगुणाबाई तिला पोटाशी घ्यायची, वर शेपटी घ्यायची, भोवती गवत कोंबायची. तिने आपले केस कापले नव्हते. फॅशन शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही, हे एक बरं असतं.

एका सांजेला धाकटी पिळवटून रडायची ती नुसतीच तोंड उघडू लागली. आवाज येईना. आणि सगुणाबाईने एक भयंकर गोष्ट केली.

तिने दार लावलं.

साधं झापाचं, विणलेल्या झावळ्यांचं दार. तिने ते ओढून घेतलं आणि कडी घातली. थोड्या वेळाने धाकटीचे कान जरा कोमट झाले आणि तिने दुधाचे दोन घोट घेतले. सगुणाबाईला इतकं बरं वाटलं की ती तिथेच बसल्या बसल्या रडली.

नेमक्या त्याच वेळी अंबूमावशी ओढ्यावर दिवा सोडायला चालल्या होत्या. त्यांनी बंद दार पाहिलं. त्यांच्या हातातला दिवाच पडला. पुढचं सांगायला नको. वाईट बातमीला त्या जंगलात पन्हळ लागत नसे.

सकाळी मोठ्या कातळावर समिती बसली. उन्हं अंगावर घेत, कारण सगळ्यांना थंडी वाजत होती.

"सगुणा," नाना म्हणाले, "काल तिन्हीसांजेला तुझं दार बंद होतं म्हणे."

"होतं, नाना. पोरगी गारठली होती."

"म्हणून लक्ष्मीच्या तोंडावर दार लावायचं?"

"लक्ष्मी बाईमाणूस आहे. तिला कळेल."

"ऐका!" अंबूमावशी म्हणाल्या. "तरीच मी म्हणते, यंदा उन्हाळ्याला पूर्वीची धग का नाही. हे असे प्रकार चालले आहेत खाली! एक घर दार लावतं आणि दोष सगळ्या डोंगराला लागतो."

सगुणाबाई गरीब होती, पण मुंगशीण होती. समोर फणा आला म्हणून मागे सरायची तिच्या रक्तात सवय नव्हती.

"मावशी, उलटं आहे ते," ती म्हणाली. "तुमची दारं उघडी असतात म्हणून तुमची ऊब वाऱ्यावर जाते. तेवढ्या सांजेपुरती दारं लावा. चाव्या जरा आवरा. म्हणजे तुम्हालाही ऊब राहील आणि माझ्यापर्यंत कोमट का होईना, पाणी येईल. फार नको मला. एका पोरीपुरतं पुरे."

सगळे गप्प झाले. खरं बोललं की सभेत अशी शांतता पसरते, बाळांनो. तुम्हाला वाटतं, विचार चाललाय. विचार नसतो तो. आता हिला गप्प कसं करायचं, एवढंच चाललेलं असतं.

"तुझा या विषयाचा अभ्यास काय?" नानांनी विचारलं.

"मी शेवटच्या घरात राहते."

"हा अभ्यास नव्हे. हा पत्ता झाला." नानांनी घसा साफ केला. "मी स्वतः समितीच्या खर्चाने बर्फाळ मुलुखात दौरा करून आलोय. तिकडे पेंग्विन म्हणून पक्षी आहेत. थंडी वाजली की एकमेकांना चिकटून उभे राहतात. डोण नाही, चावी नाही, काही नाही. अत्यंत मागासलेले. असल्या लोकांचं अनुकरण आपल्याला करायचं नाही."

टाळ्या झाल्या. काहींना टाळ्या वाजवल्याने हात गरम होतात हेही त्या दिवशी कळलं.

"ठरलं तर," नाना म्हणाले. "आज तिन्हीसांजेला समिती तुझ्या घरी येईल. दार उघडं असलं तर ठीक. बंद दिसलं तर दार काढून नेऊ."

"दार नेलंत तर माझी पोरगी वाचायची नाही, नाना."

"असं भावनेच्या भरात निर्णय घेता येत नाहीत."

"देव बघेल," अंबूमावशी म्हणाल्या. हे त्यांनी अगदी मायेने म्हटलं. मला त्या मायेचा राग येतो, तो अजून गेलेला नाही.

सगुणाबाई घरी आली. धाकटीने सकाळपासून काही घेतलं नव्हतं. आईने अंग चाटलं की ती जराशी हलायची आणि पुन्हा निपचित पडायची. सगुणाबाई विचार करत बसली. खरं सांगून बघितलं होतं. पाया पडून काही होईल असं वाटत नव्हतं. चुलीत दुपारच्या काटक्यांची राख होती; त्याहून जास्त सरपण तिच्याकडे कधी नसायचं. ती राखेकडे बघत राहिली, बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिने मूठ वळली.

तुमच्या घरी दिवाळीत लक्ष्मीची पावलं काढतात ना? मूठ पिठात बुडवायची, करंगळीच्या बाजूने जमिनीवर टेकवायची, की तळवा उमटतो. वर बोटांचे पाच ठिपके द्यायचे, की झालं पाऊल. सगुणाबाईकडे पीठ नव्हतं, राख होती. तिने अंगणापासून उंबरठ्यापर्यंत इवली इवली पावलं काढली. सगळी आत जाणारी. मग आत येऊन दार लावलं, कडी घातली आणि धाकटीला छातीशी घेऊन बसली. तिची छाती इतकी धडधडत होती की धाकटीला त्यानेच जाग आली.

तिन्हीसांज झाली. समिती आली. पुढे नाना, कुडकुडत. मागे अंबूमावशी, हातात दिवा. त्यांच्या मागे सगळं जंगल, कारण दुसऱ्याचं दार काढताना बघायला गर्दी होतेच.

"बंद आहे!" मावशी ओरडल्या. "बघा, नाना, डोळ्यांदेखत बंद आहे!"

"सगुणा, दार उघड!"

आतून आवाज आला, अगदी दबका. "हळू बोला, नाना. आलीय."

"कोण आलीय?"

"ती."

गर्दी थबकली. नाना दाराजवळ वाकले. "ती म्हणजे... ती?"

"खाली बघा."

मावशींनी दिवा खाली धरला. कोल्ह्यांच्या घराण्यात पावलं वाचायची विद्या फार जुनी आहे. मावशींनी पावलं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"नाना, पावलं आत गेलीत. बाहेर आलेलं एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आत आहे!"

"मग दार का लावलंस, सगुणा?" नाना कुजबुजले.

"अहो, उघडं ठेवलं तर जाईल ना निघून! आत यायला दार लागतं, तसं बाहेर जायलाही तेच दार असतं. मी कालच ओळखलं होतं, म्हणून तर लावून घेतलं. इतकी वर्षं आपण दारं उघडी ठेवली. ती येत असेल, नाना. रोज येत असेल. पण राहिली कुणाकडे?"

नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. तो खोटा होता, म्हणून लगेच पडला. ते वळले आणि घराकडे पळत सुटले. त्यांच्या मागे मावशी. मावशींच्या मागे सगळे.

दारं लावायची धांदल काय वर्णावी! कित्येकांना आपलं दार कुठे आहे तेच आठवेना. नानांच्या दाराची त्यांनी समितीची पाटी केली होती. अंबूमावशींच्या दारावर पापड वाळत होते. राजवाड्याचं दार इतकी वर्षं उघडं होतं की त्यावर वेल चढला होता. ते ढकलायला हत्तीला बोलावलं. पण कुणी मागे राहिलं नाही. शेजाऱ्याचं दार लागलं आणि आपलं उघडं आहे, हे कुणाला सोसणार?

"आपल्याकडे आलीय का हो?" अस्वलिणीने विचारलं.

"आली नसती तर मी दार लावलं असतं का?" नाना म्हणाले. ते समितीत असल्यामुळे त्यांना असं बोलायला जमायचं.

थोड्या वेळाने नानांना घाम सुटला. सवयीने हात खिडकीकडे गेला.

"अहो! खिडकीतून जाईल ना ती!"

नानांनी हात मागे घेतला. घाम वाढला. शेवटी बिचारे उठले, डोणीपर्यंत चालत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा चावी कमी केली. मग लक्ष्मी पाहुण्यांच्या दालनात उतरली असेल, तिला उकडायला नको, म्हणून तिथल्या चाव्या बंद केल्या. तिला आपली गडबड नको, म्हणून सगळं कुटुंब एकाच खोलीत जवळजवळ बसलं. पेंग्विनांसारखं. पण हे नानांना कुणी सांगितलं नाही.

अंबूमावशींनी लक्ष्मीला बसायला पाट मांडला. पाटावर काय घालावं? घरातलं सगळ्यात चांगलं म्हणजे डोणीवरचं मोरांचं पांघरूण. ते काढलं. तिच्या वाटेत ओले कपडे नकोत, ते काढले. ट्रंक सरकवली. आणि घर असं काही तापू लागलं की मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आली गं बाई, खरंच आली," म्हणत त्यांनी चावी निम्म्याने फिरवली. महाराजांनी तर दरबार बंदच केला. लक्ष्मी आपल्या छोट्या खोलीत, घोंगडीशेजारीच बसली आहे, अशी त्यांची खात्री झाली होती.

आणि खाली, शेवटच्या घरात, सगुणाबाईने डोणीला हात लावला. गोटे गरम होते.

तिने धाकटीला गोट्यांशेजारी गवतात ठेवलं. वर हात धरून बसली. आधी पाय गरम झाले, मग कान. मग धाकटीने तोंड उघडलं, आणि या वेळी आवाज आला. चांगला कर्कश. शेजारच्या खेकड्याने भिंत ठोकली. सगुणाबाईला तो आवाज इतका गोड वाटला की तिने शेजाऱ्याकडे लक्षही दिलं नाही. मलाही तो सांगताना गोड वाटतो, म्हणून दोनदा सांगतो. आवाज आला, बाळांनो. चांगला कर्कश.

पुढे रोज सांजेला सगळ्या जंगलात दारं लागू लागली. उन्हाळ्याचं पाणी शेवटपर्यंत कोमट पोचू लागलं. समितीने ठराव केला की हे समितीच्या दूरदृष्टीचं फळ आहे. नानांचा सत्कार झाला. त्यांना शाल दिली. केस नसल्यामुळे ती त्यांनी अंगावरून काढलीच नाही.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण झालं काय, की एका सांजेला सगुणाबाईच्या दाराची कडी वाजली.

"कोण आहे?"

"मी लक्ष्मी."

सगुणाबाईला वाटलं, ओढ्यापलीकडची लक्ष्मी पाणकोंबडी असेल, विरजण मागायला आली असेल. तिने दार जरासं किलकिलं केलं. बाहेर एक बाई उभी होती. अंगावर पातळसा शेला, खांद्यावर घुबड. घुबड पिसं फुगवून बसलं होतं आणि बाई कुडकुडत होती.

"या आत," सगुणाबाई म्हणाली. "पण दार लावून घ्या हं. पोरं गारठतात."

बाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग आत आली, स्वतःच्या हाताने दार लावलं, कडी घातली आणि डोणीजवळ बसून हात शेकू लागली.

"काय झालं?" सगुणाबाईने विचारलं. "काही चुकलं का माझं?"

"नाही गं. दार लावून घ्या, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. या डोंगरावर मी वर्षानुवर्षं फिरते. सगळ्यांची दारं उघडी. आत जाऊन बसावं तर पाठीत वारा भरतो. आणि घरची मंडळी सगळी दाराकडे डोळे लावून. लक्ष्मी येईल, लक्ष्मी येईल. मी मागे बसलेली असते. कुणी वळूनसुद्धा बघत नाही. मग कंटाळते आणि त्याच दाराने निघते."

सगुणाबाईने मान खाली घातली. "मी तुमच्या नावावर एक खोटं बोलले. तुम्ही आलात म्हणून सांगितलं."

"मग खोटं कुठे? जरा आधी सांगितलंस, एवढंच." तिने धाकटीला मांडीवर घेतलं. "नाव काय हिचं?"

"डोळे उघडले की ठेवीन."

लक्ष्मी बराच वेळ बसली. उजाडता उजाडता गेली, आणि जाताना दार ओढून घेऊन गेली. त्या सकाळी धाकटीने डोळे उघडले. सगुणाबाईने तिचं नाव कडी ठेवलं. नावाला लोक हसले, पण आई होती ती. कशाने पोर वाचली ते तिला ठाऊक होतं.

आता सगुणाबाईच्या मनाला ते आधीचं खोटं टोचत होतं. आणि खरं सांगायची संधी आयती आली होती. ती कातळावर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "नाना, काल लक्ष्मी माझ्याकडे आली होती. खरंच आली होती. रात्रभर बसली."

आधी सगळे चकित झाले. मग हसू लागले.

"पण ती तर आमच्याकडे आहे!" अंबूमावशी म्हणाल्या. "दार लावलंय मी."

"आमच्याकडेही आहे," नाना म्हणाले. "तुझ्याकडे कशी येईल? पावलं कुठे आहेत?"

सगळे जाऊन बघून आले. अंगणात एकही पाऊल नव्हतं. लक्ष्मी खरी होती. तिला राख कुठली?

नानांनी शाल सावरली आणि मायेने सगुणाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

"सगुणा, त्या वेळी तू खरं बोललीस, आम्ही ऐकलं. आज मात्र हे खोटं कशाला? घरात लहान लेकरं आहेत. त्यांच्यावर काय संस्कार होतील?"

सगुणाबाई घरी आली. लक्ष्मी बसली होती तिथे घुबडाचं एक पीस पडलं होतं. मोठं, करड्या ठिपक्यांचं, नाकारता न येणारं. ते घेऊन ती कातळावर परत जाऊ शकली असती. ती गेली नाही. झापाच्या कडेला एक फट होती, तिथून झोपलेल्या कडीच्या अंगावर बारीक वारा यायचा. तिने ते पीस त्या फटीत नीट कोंबून टाकलं.

तात्पर्य: खोट्याच्या कपाळी गोटा, असं मोठी माणसं सांगतात. बरोबरच आहे. फक्त तो गोटा डोणीतला असेल तर चांगला गरम असतो. खरं बोलणाऱ्याच्या कपाळी नुसता वारा.

आणि हो, ते दार अजून उघडंच आहे. मघापासून घसा फोडून सांगतोय, थंडी येते, लावा. कुणी हललं नाही. बरं, मग असं करा. हळूच उठा, आवाज करू नका आणि लावून घ्या. आत्ताच कुणीतरी आत आलंय.